१९९२ची पुअर, ३,८०० रुपयांत? जुना चिनी चहा पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

तुमच्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. एका संकेतस्थळावर '१९९२ची' म्हणून ३५७ ग्रॅमची पुअर चहाची चकती ३,८०० रुपयांना दिसते आहे, ती घ्यावी का? ती नको असेल तर सहा हजारांत सुरुवात कशी करावी? आणि घेतलेली चकती पुण्याच्या घरात दहा वर्षं ठेवली तर तिची किंमत वाढेल का?

पहिल्याचं उत्तर 'नको'. तिसऱ्याचंही जवळजवळ तेच. दुसऱ्यावर मात्र बरंच बोलण्यासारखं आहे. मी चहा चाखून खरेदी करण्याच्या धंद्यात आहे. ग्वांगझौच्या फांगछुन बाजारात याच चहासाठी घासाघीस केलेली आहे, त्यामुळे जरा रोखठोक लिहितो.

आधी वस्तू काय आहे ते पाहू, कारण ती दोन प्रकारची असते आणि विक्रेते नेमकं तेच सांगायचं टाळतात. पुअर होतो चीनच्या युन्नान प्रांतात, तिथल्या मोठ्या पानाच्या झाडांपासून. २००८च्या चिनी राष्ट्रीय मानकानुसार युन्नानच्या ठरलेल्या भागातलं, मोठ्या पानाचं आणि उन्हात वाळवलेलं पान असेल तरच त्याला पुअर म्हणता येतं. पान तोडून कोमेजू देतात, कढईत बेताने भाजतात, मळतात आणि उन्हात वाळवतात. ते वाफवून दाबलं की कच्चा पुअर तयार होतो. त्याला शंग म्हणतात. कढईतली आच बेताची असल्याने पानातली विकरं (एन्झाइम) पूर्ण मरत नाहीत. पुढे हवेतला दमटपणा, ऊब आणि सूक्ष्मजीव मिळून वर्षानुवर्षं ते पान बदलत राहतं. पहिल्या वर्षी तो कडू, तुरट आणि हिरवट असतो. वीस वर्षांनी, नीट ठेवला असेल तर, लालसर, गुळगुळीत, थोडा कापरासारखा.

दुसरा प्रकार पिकवलेला, म्हणजे शौ. हाँगकाँगच्या चहाघरांत डिमसमबरोबर गडद जुना पुअर लागायचा आणि तिथल्या गिऱ्हाइकाला वीस वर्षं थांबायला वेळ नव्हता. १९७३मध्ये कुनमिंग चहा कारखान्यात वू छीयिंग यांच्या पुढाकाराने एक रीत बसवली गेली. वाळलेल्या पानांचा मोठा ढीग करायचा, त्यावर पाणी मारायचं, झाकायचं आणि अधूनमधून उलथत दीड-दोन महिने आंबू द्यायचं. ढिगाच्या पोटात चांगलीच उष्णता तयार होते. बाहेर येतो तो काळपट तपकिरी, मऊ, मातकट चहा. दोन महिन्यांत तो जुन्यासारखा दिसतो. चवही जुन्याच्या बाजूला झुकते, पण तो वीस वर्षांचा शंग नव्हे.

आता तुमची १९९२ची चकती. त्या काळात हा चहा सरकारी कंपनीच्या नावाखाली निघायचा. वेष्टनावर 'चहा' या चिनी अक्षराभोवती आठ लाल अक्षरांचं कडं असायचं. वेष्टनावर उत्पादनाची तारीख छापत नसत. म्हणजे १९९२ हा आकडा कागदावरून आलेला नाही, तो कोणीतरी सांगितलेला आहे. त्या सुमाराच्या खऱ्या, कोरड्या जागी ठेवलेल्या मालाचा भाव काय असतो? मंगहाई कारखान्याच्या ७५४२ या मिश्रणाच्या १९८९ ते १९९१च्या काही चकत्या हाँगकाँगमध्ये कोरड्या गोदामात राहिल्या. पुढे '८८ छिंग' या नावाने त्या गाजल्या. आज त्यातली एक चकती लाखाच्या पुढे जाते. असा माल चार हजारांत तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचतो तो तीनपैकी एक: जुन्या नक्षीच्या कागदात गुंडाळलेला गेल्या काही वर्षांतला शौ, सीमेपलीकडच्या व्हिएतनाम-लाओसच्या पानावर पाणी मारून 'म्हातारा' केलेला माल, किंवा खरोखर जुना पण कुठल्यातरी ओल्या गोदामात सडलेला चहा. तिसरा प्रकार सर्वांत वाईट, कारण त्याचं वय खरं असतं आणि विक्रेता छातीठोकपणे बोलतो.

चकतीत दाबलेली कारखान्याची छोटी चिठ्ठी पाहून भुलू नका. पिवळा पडलेला कागद, वाळवीची भोकं, फाटलेली कडा, सगळं तयार मिळतं.

आकड्यांचा घोळही इथेच सांगतो. ७५४२ म्हणजे १९७५चा चहा, असं सांगून माल खपवणारे आहेत. पहिले दोन आकडे ते मिश्रण ज्या वर्षी ठरलं ते वर्ष दाखवतात. तिसरा पानांची सरासरी प्रत सांगतो. आकडा लहान तितकं पान कोवळं. चौथा कारखान्याचा असतो: १ कुनमिंग, २ मंगहाई, ३ शियागुआन. ७५४२ मंगहाईत आजही बनतो. त्यामागे जोडलेला आकडा, उदाहरणार्थ १८०१, हा २०१८ची पहिली खेप दाखवतो. वर्ष बघायचं ते तिथे. मंगहाई कारखाना २००४मध्ये खासगी हातात गेला, त्याचा माल दायी या नावाने येतो. त्याच्या नकला इतक्या आहेत की स्वस्त दायी दिसला की मी तरी पुढे जातो.

आता मुख्य गोष्ट. नवशिका वय विचारतो. धंद्यातला माणूस आधी शहर विचारतो: हा चहा कुठे राहिला? तोच ७५४२, त्याच खेपेचा, सात चकत्यांच्या बांबूच्या सालीतल्या एकाच गड्डीतून निघालेला. त्यातला एक कुनमिंगला ठेवा आणि एक हाँगकाँगला. पंधरा वर्षांनी त्या दोघांचं नातं सांगून पटणार नाही. कुनमिंग उंचावर, कोरडं आणि थंड. तिथला चहा हळू बदलतो. पंधरा वर्षांनीही रंग नारिंगी, चवीत कडसरपणा आणि सुगंध जिवंत. हाँगकाँग आणि ग्वांगडोंगमध्ये दमट उष्ण हवा, त्यातून जुन्या पद्धतीच्या व्यापाऱ्यांनी मुद्दाम ओलसर तळघरांत ठेवलेला माल. तिथे दहा वर्षांत रस लाल होतो, कडवटपणा जातो, पण सोबत पेवातून काढलेल्या जुन्या धान्यासारखा एक वास बसतो. काहींना तोच आवडतो. हाँगकाँगच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना त्याशिवाय पुअर पुअर वाटत नाही. मलेशियात वर्षभर उष्ण दमट हवा असते, पण तळघराची रीत नाही. त्यामुळे तिथला माल पटकन म्हातारा होऊनही बराच स्वच्छ राहतो. तैवानचं एका शब्दात सांगता येत नाही, तिथे घरोघरी वेगळी तऱ्हा.

म्हणून 'वीस वर्षं जुना' हे वाक्य एकटं काहीच सांगत नाही. वीस वर्षं कोरड्या कुनमिंगमध्ये काढलेला शंग तुमच्या जिभेला अजून तरणा वाटेल आणि तुम्ही म्हणाल, फसवलं. आणि आठ वर्षांचा ओल्या गोदामातला चहा तुम्हाला चाळीस वर्षांचा वाटेल आणि तुम्ही म्हणाल, लॉटरी लागली. जो विक्रेता वर्ष, कारखाना आणि साठवणीचं शहर ही तिन्ही माहिती देतो, दहा-पंचवीस ग्रॅमचा नमुना विकतो आणि उकळून उघडलेल्या पानांचा फोटो लावतो, त्याच्याशी बोलायला हरकत नाही. नुसतं वय आणि एखादं प्रसिद्ध डोंगराचं नाव देणाऱ्याशी नको. लाओ बानजांग हे बुलांग डोंगरातलं एक गाव आहे. त्याच्या नावावर जगभर जेवढा चहा विकला जातो तेवढा त्या गावात पिकतच नाही. बिंगदाओ या दुसऱ्या नावाजलेल्या गावाचंही तसंच. 'तीनशे वर्षांच्या झाडाचं पान' हा दावा तर तुम्ही-मी घरबसल्या तपासूच शकत नाही, मग त्यासाठी पैसे कशाला मोजायचे?

सहा हजारांचं काय करायचं? एकच चकती घेऊन मोकळं व्हायची घाई करू नका. मी अशी विभागणी करीन.

पहिल्यांदा एक शौ, पूर्ण चकती. दायीचा ७५७२ किंवा एखाद्या बऱ्या कारखान्याचा त्याच दर्जाचा, पाच ते आठ वर्षांचा. शौ नवा असताना ढिगाचा एक मासळीसारखा, ओल्या गोणपाटासारखा वास येतो. दोन-तीन वर्षांत तो उडतो, म्हणून नुकताच बनलेला घेऊ नका आणि पंधरा वर्षांच्यासाठी जास्त पैसेही मोजू नका. शौ वयाने फार बदलत नाही. वास जातो, रस थोडा गोड आणि स्वच्छ होतो, एवढंच. रोज प्यायला हाच. शौचे ढेकळासारखे गोळे लाओ छा थोऊ या नावाने सुटे मिळतात. ढिगात पानं एकमेकांना चिकटून ते बनतात. स्वस्त आणि सोशिक आहेत, कितीही वेळ उकळा, बिघडत नाहीत. गुलाब, भात वगैरे वासाच्या पाच-पाच ग्रॅमच्या पुड्या मात्र टाळा. त्यात पान कसलं आहे ते वासामागे लपतं. वाळवलेल्या संत्र्याच्या सालीत भरलेला शौ ही ग्वांगडोंगच्या शिनहुईची खासियत, ती चांगली लागते, पण तिच्यातून पुअर कळत नाही.

उरलेले पैसे शंगच्या नमुन्यांवर. दहा ते पंधरा वर्षांचे तीन-चार, जमल्यास एकाच मिश्रणाचे पण वेगवेगळ्या शहरांतले. एक कुनमिंगचा, एक ग्वांगडोंगचा, एक मलेशियाचा. सोबत एक दोन-तीन वर्षांचा कोवळा शंग, फरक कळावा म्हणून. चारही एकाच दुपारी, सारख्या भांड्यात, एकामागून एक प्या. त्या दुपारी जे कळेल ते महिनाभर वाचूनही कळणार नाही. मगच, हवी असल्यास, जो आवडला त्याची चकती. अनेकांना कुनमिंगचाच आवडतो आणि ते म्हणतात, 'मला जुना नकोच.' तेही खरेदीच्या दृष्टीने फायद्याचंच, कारण तो स्वस्त पडतो.

बाहेरून मागवताना सीमाशुल्क आणि टपालखर्च आधी विचारा. भारतात आयात चहावर शुल्क जबर आहे. ३५७ ग्रॅमच्या चकतीचा हिशेब दारात येईपर्यंत दुपटीच्या आसपास जाऊ शकतो. पंचवीस ग्रॅमच्या पाच पुड्या एकाच पार्सलात आल्या तर तो फटका वाटला जातो.

चाखताना काय बघायचं ते आता. शंभर मिलिलिटरच्या झाकणवाल्या वाटीला, म्हणजे गायवानला, पाच ग्रॅम पान. पाणी खदखदतं. पहिलं पाणी पाच सेकंदांत ओतून टाका. शौ असेल तर दोनदा. मग दहा-दहा सेकंद पाणी ठेवून रस ओतत जायचा, पुढे वेळ वाढवत. गायवान नसेल तर स्टीलची किटली आणि गाळणी चालते. आरओचं पाणी अगदीच हलकं असेल तर चहा सपाट लागतो. साध्या फिल्टरचं उकळून वापरा.

रस पारदर्शक हवा. गडद चालेल, गढूळ नको. पहिल्याच घोटात शाईसारखा काळपट आला आणि विक्रेता त्याला जुना शंग म्हणत असेल, तर तो बहुधा शौ आहे. पंधरा वर्षांच्या शंगचा रस सहसा नारिंगी ते विटकरी. घशात काय होतं तेही लक्षात घ्या. चांगल्या चहाचा कडवटपणा गिळल्यावर गोडीत उलटतो. ओल्या गोदामातला चहा गिळल्यावर घसा कोरडा पडतो आणि मागे बुरशी राहते. त्यानंतर सर्वांत खरा साक्षीदार म्हणजे भिजलेलं पान. ते बशीत पसरा. शंग जुना असला तरी पान मऊ, लवचिक, शिरा दिसणारं आणि तपकिरीत थोडा हिरवा अंश असलेलं हवं. काळंठिक्कर, कडक, कितीही पाणी ओतलं तरी न उघडणारं, बोटांनी चुरडलं की कोळशासारखं होणारं पान म्हणजे साठवणीत जळलेलं. कागद खोटा करता येतो. असं पान पुन्हा जिवंत करता येत नाही.

चकतीवर केसाळ बुरशी दिसली, हिरवी, काळी किंवा पिवळी, तर परत करा किंवा टाका. 'जुन्याला असं होतंच' हे ऐकून घेऊ नका. अपवाद एकच आणि तो पुअरचा नाही. हुनान प्रांतातल्या आनह्वाच्या फू चहाच्या विटांमध्ये मुद्दाम वाढवलेले बारीक सोनेरी ठिपके असतात, त्यांना 'सोनेरी फुलं' म्हणतात. ती फू विटेत हवीतच, आणि त्या विटेचा दर्जा लोक त्यांच्या दाटपणावरून ठरवतात. पुअरच्या चकतीवर तुम्हाला कोणी 'सोनेरी फुलं' दाखवली तर दूर व्हा.

आता घरी साठवण आणि ती दहा वर्षांची गुंतवणूक. २००६-०७मध्ये पुअरच्या किमती चीनमध्ये इतक्या चढल्या की चहा न पिणारे लोक गोदामं भरू लागले. २००७च्या उन्हाळ्यात बाजार कोसळला. आजही फांगछुनमध्ये दायीच्या ठराविक खेपांचे भाव शेअरसारखे रोज हलतात. पण तो खेळ सीलबंद पेट्यांचा आहे, ज्यांचा माग काढता येतो अशा. पुण्यातल्या कपाटात दहा वर्षं पडलेली एक सुटी चकती विकत घ्यायला कोणी येणार नाही. आलाच तर विचारेल, साठवण कुठली? आणि पुण्याचं नाव त्या बाजारात कोणाला माहीत नाही. तेव्हा पिण्यापुरतं घ्या. जुना हवा असेल तर दुसऱ्याने ठेवलेला जुना घ्या.

तरीही वर्ष-दोन वर्षांचा साठा घरात राहणारच. साधारण साठ ते सत्तर टक्के आर्द्रता आणि पंचवीस-तीस अंश तापमान चहाला मानवतं. त्यामुळे पुण्यात फारसं काही करावं लागत नाही. शौ आणि शंग वेगळ्या खोक्यांत, कागदी वेष्टनासकट, अंधाऱ्या कपाटात. मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर खरी परीक्षा. तिथे पावसाळ्याआधी जाड झिपपिशवीत बंद करा आणि ऑक्टोबरपर्यंत उघडू नका. सिगारसाठी मिळणाऱ्या आर्द्रता नियंत्रक पुड्या ६२ किंवा ६५ टक्क्यांच्या मिळतात, एखादी सोबत टाका. नागपूर-अकोल्याकडे उलट अडचण. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की चहा सुकतो आणि वास झोपतो. तिथेही हीच पुडी कामी येते.

आर्द्रतेपेक्षा जास्त चकत्या आपल्या घरांत वासाने मरतात. पुअर आजूबाजूचा वास ओढून घेतो आणि सोडत नाही. गोडा मसाला, हिंग, धूप-उदबत्ती, नवी लाकडी कपाटं आणि सर्वांत वाईट म्हणजे कपड्यांतल्या डांबरगोळ्या. स्वयंपाकघर आणि देवघर सोडून कुठेही ठेवा. फ्रीजमध्ये तर अजिबात नको.

चकती फोडताना सुरी वापरू नका. धार नसलेली, टोकदार जाड सळई बाजूने आत घाला आणि हळू उचकटा, पापुद्रा सुटून येतो. दुसरा हात सळईच्या समोर ठेवू नका. शियागुआनची लोखंडासारखी दाबलेली चकती असेल तर हे विशेष लक्षात ठेवा.

'वजन कमी करणारा चहा' असं लिहिलेली चकती दिसली तर किंमतही बघू नका. पुअरमध्ये कॅफीन असतं, पिकवलेल्यातही असतं, रात्री बेताने घ्या. दूध घालू का, असं तुमच्या आई विचारतात म्हणालात. घालू द्या की. शौला दूध चालतं. तिबेटात तर गडद चहाच्या विटा उकळून त्यात लोणी आणि मीठ घुसळतात.

पुअरची हाव सुटण्याआधी आणखी एक. ग्वांगशी प्रांतात वूझोऊच्या भागात ल्यूबाओ नावाचा आंबवलेला चहा होतो. मलायातल्या कथिलाच्या खाणींत काम करणारे चिनी मजूर तो प्यायचे, म्हणून मलेशियात त्याचे जुने साठे राहिले. नावाभोवती गाजावाजा कमी, म्हणून नकलाही तुलनेने कमी आणि दहा-पंधरा वर्षांचा माल परवडतो. टोपलीतला सुटा येतो, फोडायची कटकट नाही, आणि चांगल्या प्रतीच्या मालात सुपारीसारखा एक वास येतो जो मराठी नाकाला लगेच ओळखीचा वाटतो. पहिल्या पार्सलात त्याचे पन्नास ग्रॅम घाला. त्या ३,८०० रुपयांच्या चकतीसाठी विक्रेत्याला एकच विचारा: दहा ग्रॅम नमुना द्याल का? तो 'फोडता येत नाही, जुनी आहे' म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालं.